टायरच्या चिरा आणि लॉस एंजेलिसची हवा



उन्हं वाढायला लागली, की आपल्या गल्लीबोळांत गराजची दारं उघडतात. झाडलोट होते, मुलांच्या सायकली बाहेर येतात, आणि कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलेली मोटरसायकलही बाहेर येते. कुणाची हौसेनं घेतलेली रॉयल एनफिल्ड असते, कुणाची ऑनलाइन जाहिरात बघून स्वस्तात मिळालेली जुनी होंडा. मग मित्रमंडळींच्या ग्रुपवर टायरचा फोटो येतो आणि खाली एक प्रश्न असतो. "बारीक बारीक चिरा पडल्यात, पण नक्षी तर अगदी नव्यासारखी आहे. अजून एक सीझन चालेल ना?"

पुण्यात किंवा नाशिकला हा प्रश्न सहसा पडत नाही. तिथे गाडी रोज ऑफिसला जाते, भाजीला जाते, मुलांना क्लासला सोडते. टायर म्हातारा व्हायच्या आधीच त्याचा गोटा होतो आणि पंक्चरवाला सांगतो, "साहेब, आता बदला." त्यामुळे टायर पाहताना नक्षी पाहायची, ही सवय आपल्या डोळ्यांना लागलेली आहे. इथे मात्र मोटरसायकल हौसेची असते. वर्षातले मोजके रविवार चालते, बाकी उभी असते. असा टायर झिजत नाही, त्याचं वय होतं. आणि झीज ओळखायला शिकलेला डोळा वय ओळखेलच असं नाही.

आज आपण टायरच्या या चिरांचा इतिहास बघणार आहोत. त्यात एक शास्त्रज्ञ आहे, एक महायुद्ध आहे, एक मोठा अपघातकांड आहे आणि शेवटी एक मासाही आहे. आणि हे सगळं ऐकल्यावर वरच्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला देता येईल.

सुरुवात रबरापासून करू. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराची मोठी लाट आली होती. बूट, कोट, पिशव्या, सगळं रबराचं. पण उन्हाळा आला की हा माल वितळून चिकट व्हायचा आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकायचा. गिऱ्हाइकं माल परत आणून द्यायला लागली आणि कंपन्या बुडाल्या. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्स गुडइयर यांना त्यावर तोड सापडली. रबरात गंधक मिसळून ते तापवलं, की ते ना वितळतं ना तडकतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, पण कोर्टकचेऱ्यांत आयुष्य गेलं आणि १८६० मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेतच वारले. त्यांच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी निघाली. तिच्याशी त्यांचा किंवा त्यांच्या घराण्याचा संबंध नव्हता.

हवेच्या टायरची कथाही अशीच. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्यानं मांडली, आणि या वेळी सायकलींचा जमाना असल्यामुळे ती जगभर गेली. सायकलला इंजिन बसलं, मोटरसायकल झाली आणि टायरवरचा भार वाढला. सुरुवातीचे टायर पांढुरके असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. पुढे काजळीसारखी बारीक भुकटी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली की रबर कितीतरी चिवट होतं हे लक्षात आलं. १९१०च्या दशकात टायर काळे व्हायला लागले ते तेव्हापासून.

म्हणजे वितळणं थांबलं, झीज कमी झाली. राहिल्या त्या चिरा. त्या का पडतात?

लोकांचा समज होता की उन्हामुळे पडतात. तो अर्धाच खरा होता. पूर्ण उत्तर समजून घ्यायला लॉस एंजेलिसच्या बिघडलेल्या हवेकडे जायला हवं.

साल १९४३, जुलै महिना. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. एके दिवशी लॉस एंजेलिसवर दाट तपकिरी धुकं उतरलं. लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, काही चौकांपलीकडचं दिसेना. जपाननं विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशीही कुजबुज झाली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. तिथे ब्युटाडाइन तयार होत असे, म्हणजे कृत्रिम रबराचा कच्चा माल. मलाया आणि आसपासचा प्रदेश जपाननं घेतल्यामुळे अमेरिकेचं नैसर्गिक रबर जवळजवळ बंद झालं होतं, म्हणून हा खटाटोप. कारखाना काही काळ बंद ठेवून पाहिला. धुकं मात्र येतच राहिलं.

युद्ध संपल्यावर या धुक्यामागे लागले ते कॅल्टेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट. मूळचे हॉलंडचे. त्यांचा मूळ विषय वनस्पतींतले सुगंध आणि स्वाद. अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो, हे ते शोधत होते. वासाचे अत्यल्प अंश पकडण्याचं जे तंत्र त्यांनी अननसासाठी वापरलं, तेच त्यांनी पॅसाडीनाच्या हवेवर वापरलं. त्यांना जे सापडलं ते चक्रावणारं होतं. मोटारींच्या धुरातले आणि पेट्रोलच्या वाफेतले घटक, त्यांत नायट्रोजनची ऑक्साइड्स, वरून कॅलिफोर्नियाचं भरपूर ऊन. या तिन्हींतून जमिनीलगत ओझोन वायू तयार होत होता.

इथे आपले टायर गोष्टीत येतात. लॉस एंजेलिसमध्ये रबराच्या वस्तू इतर शहरांपेक्षा लवकर तडकतात, ही तक्रार तिथे जुनी होती. हागेन-स्मिट यांनी त्या तक्रारीचंच मोजमाप केलं. रबराची पट्टी वाकवून, म्हणजे ताणलेल्या अवस्थेत, ते हवेत ठेवत आणि पहिली चीर दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघत. दाट धुक्याच्या दिवशी काही मिनिटांतच चिरा दिसत. स्वच्छ हवेत किंवा रात्री त्याच्या कितीतरी पट वेळ लागे. रबराचा एक तुकडा हेच त्यांचं प्रदूषण मोजायचं यंत्र झालं. तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांच्यावर शंका घेतल्या. पुरावा मात्र हटला नाही. १९५२ मध्ये त्यांनी आपलं संशोधन सविस्तर मांडलं आणि पुढे कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. आपण दोन वर्षांनी गाडी स्मॉग चेकला नेतो, त्याच्या मुळाशी असा रबराचा एक तुकडा आहे.

आता चिरांचं विज्ञान सोपं होतं. रबर म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या साखळीत ठरावीक अंतरावर कमजोर कड्या असतात, रसायनशास्त्राच्या भाषेत दुहेरी बंध. ओझोन नेमका तिथे घाव घालतो आणि साखळी तुटते. रबर ताणलेलं नसेल तर तुटलेली टोकं जवळच राहतात आणि चीर दिसत नाही. ताणलेलं असेल तर टोकं दूर ओढली जातात, आत नवं रबर उघडं पडतं, आणि चीर खोल जाते. म्हणून चिरा ताणाच्या आडव्या दिशेनं पडतात, आणि नेमक्या तिथे पडतात जिथे टायर वाकलेला असतो. साइडवॉलवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी.

मग कमी हवेवर महिनोन्महिने एकाच जागी उभ्या असलेल्या मोटरसायकलचा विचार करा. टायरचा एकच भाग दाबलेला, फुगलेला, ताणलेला, आणि ओझोन तर हवेत आहेच. वापरली नाही म्हणून टायर जपला गेला, असं होत नाही.

हाच अनुभव अमेरिकन लष्कराला आला. लष्कराची वाहनं वर्षानुवर्षं गोदामात आणि मैदानात उभी असत आणि न वापरलेले टायर तडकून जात. १९५०च्या दशकात इलिनॉयमधल्या रॉक आयलंड आर्सेनलच्या प्रयोगशाळेनं यावर काम केलं. त्या काळापासून टायरच्या रबरात दोन प्रकारची औषधं घालायची पद्धत रूढ झाली. एक मेण. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. टायर स्थिर असताना हा थर उपयोगी पडतो, टायर चालायला लागला की तडकतो. म्हणून दुसरं औषध, ओझोनरोधक रसायन. ते रबराच्या आधी स्वतःच ओझोनशी भिडतं आणि संपतं. आपल्या टायरला कधीकधी तपकिरी छटा येते, ती मळ नसून बहुतेक वेळा याच रसायनाची असते.

"संपतं" हा शब्द लक्षात ठेवा. औषधाचा साठा मर्यादित असतो. तो संपत आला की चिरा दिसायला लागतात. म्हणजे पहिली बारीक चीर सांगते की टायरचं संरक्षण ओसरत चाललं आहे.

पण या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती जास्त धोक्याची. चीर बाहेरून दिसते. टायर आतूनही म्हातारा होतो. आतली हवा दाबाखाली असते, तिच्यातला ऑक्सिजन रबरात मुरत राहतो, आणि उष्णता त्याला गती देते. थरांमधलं रबर कडक आणि ठिसूळ होतं, थर एकमेकांना सोडायला लागतात. बाहेरून टायर देखणा दिसत असतानाही हे घडू शकतं.

अमेरिकेनं याची मोठी किंमत मोजली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत्या गाडीच्या टायरची नक्षीची पट्टीच सुटून येत होती आणि गाड्या उलटत होत्या. २७०हून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले गेले. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत प्रमाण जास्त होतं. कारणं अनेक होती. टायरची रचना, उत्पादन, कमी हवा, उष्णता, वेग, आणि गाडीची ठेवणही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ट्रेड ॲक्ट झाला. आज मोटारीच्या डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागतो, तो या कायद्यामुळे. मोटरसायकलला मात्र ती सक्ती लागू नाही.

याच कायद्यानंतर टायरच्या वयाचा अभ्यास झाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं काँग्रेसला दिलेल्या अहवालात एका विमा कंपनीची आकडेवारी आहे. तिचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच राज्यांतले होते. टायरसंबंधी दावे मात्र ७७ टक्के तिथून आले होते, आणि त्यांतले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरांचे होते. हे आकडे मोटारींचे आहेत. पण रबर चार चाकांखाली असो की दोन, त्याचा धर्म तोच.

ब्रिटनमधल्या आपल्या श्रोत्यांना २०१२चा सरेमधला कोच अपघात आठवत असेल. संगीत महोत्सवातून परतणाऱ्या तरुणांची बस पुढचा टायर फुटून झाडावर गेली. तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना निघाला, आणि टायरच्या वयावर तेव्हा कायद्यानं बंदी नव्हती. मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ पासून बस, कोच आणि ट्रकच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर बंद झाले. मोटरसायकल त्या नियमातही नाही. अमेरिकेत तर टायरच्या वयाची अशी केंद्रीय मर्यादाच नाही. म्हणजे आपल्या दुचाकीच्या बाबतीत पोलीस थांबवणार नाही, कायदा अडवणार नाही. निर्णय आपलाच.

तर मंडळी, तो निर्णय कसा करायचा?

पहिलं, जन्मतारीख वाचा. टायरच्या बाजूला डीओटी ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१८ असं असेल तर टायर २०१८ सालच्या ३५व्या आठवड्यातला. कधी हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा चाकाच्या दोन्ही बाजू बघा. तीनच आकडे दिसले तर पुढे काही बघायची गरज नाही. तो टायर २०००च्या आधीचा आहे, लगेच काढा. आणि दुकानातून नवा टायर घेतानाही तारीख बघा. बिलावरची तारीख आणि टायरवरची तारीख यांत अंतर असू शकतं.

दुसरं, वयाचा नियम. अनेक नामांकित कंपन्यांचा सल्ला साधारण असा आहे. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. ही दहा वर्षं म्हणजे वरची हद्द आहे, हमी नव्हे. फिनिक्स किंवा दुबईच्या उन्हात राहणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

तिसरं, चीर कुठे आहे आणि किती खोल आहे. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, चाक हळूहळू फिरवत उजेडात पूर्ण घेरा बघा. केसासारख्या, वरच्यावर, तुरळक रेषा असतील आणि टायर तरुण असेल, तर जाणकाराला दाखवून घ्या आणि लक्ष ठेवा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी चिरा असतील, साइडवॉलवर गोल फिरत जाणारी सलग रेघ असेल, रिमजवळ रबर फाटलं असेल, किंवा चीर बोटानं दाबल्यावर उघडत असेल, तर तो टायर संपला. आतले धागे दिसले किंवा कुठे फुगवटा आला, तर गाडी जागेवरून हलवायचीच नाही.

चौथं, रबर कडक झालं आहे का. जुना टायर रस्त्याला धरत नाही, विशेषतः पहिल्या पावसात. रस्ता आणि आपण यांच्यामध्ये प्रत्येक चाकाचा जेमतेम तळहाताएवढा रबराचा तुकडा असतो. मोटारीचा एक टायर फुटला तर तीन उरतात. मोटरसायकलचा पुढचा गेला तर सावरायला काहीच उरत नाही.

आणि पाचवं, या गोष्टींना फसू नका. काळा चकचकीत पॉलिश लावला की चिरा दिसत नाहीत, त्या जात नाहीत. जुनी गाडी विकायला काढलेल्याच्या दारात टायर फार चमकत असतील तर फडक्यानं पुसून बघा. "गराजमध्येच ठेवलेली, फक्त चार हजार मैल चाललेली" ही जाहिरात इंजिनाबद्दल चांगली बातमी असेल. टायरबद्दल ती काहीच सांगत नाही. किमतीची घासाघीस करताना दोन्ही टायर बदलण्याचा खर्च आधीच धरा.

जपायचंच असेल तर दर पंधरा दिवसांनी हवा बघा, आणि ती बघताना टायर थंड असू द्या. लांब मुक्कामाला गाडी ठेवताना चाकं जमिनीपासून उचलून ठेवा, ऊन टाळा, आणि ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या मोटारी किंवा वेल्डिंगपासून ती दूर ठेवा. ओझोन तिथेही तयार होतो.

शेवटी कबूल केल्याप्रमाणे मासा. चिरा रोखणारं जे रसायन आज जगभर टायरमध्ये वापरतात, त्याचं नाव सिक्सपीपीडी. ते ओझोनशी भिडून रबराला वाचवतं हे आपण पाहिलं. पण त्यातून जे उरतं ते टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडतं आणि पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत जातं. सिॲटलच्या परिसरात कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला ओढ्यांत यायचे आणि जोराच्या पावसानंतर अंडी घालण्याआधीच मरून पडायचे. कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. मारेकरी होता याच रसायनाचा ओझोनशी भिडल्यावर होणारा अवशेष. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये टायर उत्पादकांना या रसायनाला पर्याय शोधायला भाग पाडणारा नियम केला. तोवर ते वापरात आहे, कारण ते काढलं तर टायर लवकर तडकतील आणि माणसं मरतील.

हा हिशेब अजून मिटलेला नाही. पण आपल्या गराजमधला हिशेब मात्र आज संध्याकाळी मिटवता येईल. बॅटरी घ्या, गुडघ्यावर बसा आणि ते चार आकडे वाचा. मुलगा किंवा मुलगी गाडी मागत असेल तर त्यांनाही शेजारी बसवा आणि त्यांच्याकडूनच वाचून घ्या. आकडे जुने निघाले, तर नक्षीकडे पाहून मन पालटू देऊ नका.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून चालवा, हेल्मेट घाला. नमस्कार!